नासपतीचा जामीन

मित्रांनो, मी नासपतीचे झाड आहे. जुने आहे, पण वय विचारू नका. झाडाचे वय खोडातली वर्तुळे मोजून कळते, आणि ती मोजायची तर मला कापावे लागेल. कापण्याचा विषय या हकिगतीत पुढे बराच येणार आहे. निदान सुरुवात तरी त्याने नको.

मी टिरोल या डोंगराळ मुलखातल्या एका उंचावरच्या गावात, नोटबुर्गाच्या परसात उभी आहे. माझ्या वर सूचिपर्णी झाडांचे जंगल, त्याच्या वर खडक, आणि त्याच्या वर बर्फ. एवढ्या उंचीवर नासपती जगत नाही, असे सगळे म्हणत. नोटबुर्गाच्या सासऱ्याने ते ऐकले आणि केवळ त्यासाठी मला लावले. त्याने जंगली नासपतीच्या रोपावर खालच्या दरीतल्या एका गोड जातीची काडी बांधली. त्यामुळे माझे मूळ रानटी आणि धड खानदानी आहे. मला त्याने घराच्या दक्षिणेकडच्या दगडी भिंतीला लागून लावले. तो दगड दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी हळूहळू परत करतो. मी जगले ते त्या भिंतीच्या उबेवर.

भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी आहे. ती माझ्या खांद्याशी उघडते. या खिडकीत आणि माझ्या खाली जे बोलले गेले तेवढेच मला ठाऊक आहे. पण माणसे बोलतात त्यातले महत्त्वाचे बहुतेक सगळे स्वयंपाकघरातच बोलतात, असा माझा अनुभव आहे.

माझी फळे शरद ऋतूत उतरवत, थोडी कच्चीच. नासपती झाडावर पिकू दिली तर आतून कुजते आणि बाहेरून मात्र हसत राहते. मग त्यांचे दोन भाग करून मोठ्या शेगडीच्या माथ्यावर वाळवत. वाळली की ती सुरकुतलेल्या कानांसारखी दिसतात. नाताळच्या आधी, संत थॉमसच्या दिवशी, हे कान अक्रोड आणि बेदाण्यांबरोबर कणकेत मळून त्सेल्टन नावाचा जड, काळसर गोड पाव करतात. गावातल्या बायका एकमेकींच्या घरी जाऊन एकमेकींचा त्सेल्टन चाखतात. चाखून झाल्यावर कोण काय बोलते, आणि त्याहून जास्त म्हणजे कोण काय बोलत नाही, यावर पुढचे वर्ष जाते. नोटबुर्गाच्या त्सेल्टनची बरोबरी गावात कुणाची नव्हती. वरच्या घरची ओटिली, जी सहसा कुणाला चांगले म्हणत नाही, तीसुद्धा दुसरा तुकडा मुकाट्याने उचलत असे.

त्याच दिवशी माझाही एक विधी होई. कणीक मळून झाली की नोटबुर्गा आणि तिचा नवरा रोमेड बाहेर येत. रोमेड माझ्यासमोर कुऱ्हाड उगारून विचारी, "काय गं, पुढच्या वर्षी देतेस की घालू घाव?" मग नोटबुर्गा मध्ये पडून म्हणे, "अहो थांबा, सोडा तिला. पुढच्या वर्षी देईल." जो असे म्हणतो तो झाडाचा जामीन. त्यानंतर ती कोपरापर्यंत कणकेने भरलेल्या हातांनी मला घट्ट मिठी मारी. आधी दम, मग लाड. माझ्या सालीला चिकटलेली कणीक पुढे दोन दिवस चिमण्या टोचून खात आणि मला गुदगुल्या होत. एकूण व्यवस्था सगळ्यांना मानवत होती.

आता गल्लीपलीकडच्या नासपतीबद्दल सांगायला हवे.

ती कासिआनच्या अंगणात होती. कासिआन हा एकटा राहणारा, शेळ्या पाळणारा, कमी बोलणारा माणूस. त्याची नासपती रानटी जातीची, काटेरी आणि तिरसट. तिची फळे सुपारीएवढी, आणि इतकी तुरट की एका पाहुण्याने एक चावले तर संध्याकाळपर्यंत त्याला शब्द नीट फुटेना. शेळ्याही ती नाइलाजाने खात. आमचे दोघींचे पटत नसे. संध्याकाळी तिची सावली माझ्यावर पडे आणि ती ते मुद्दाम करते असे मला वाटे. पण दर मे महिन्यात आम्ही दोघी एकाच आठवड्यात फुलत होतो. ओटिलीच्या मधमाशा तिचा पराग माझ्याकडे आणि माझा तिच्याकडे नेत होत्या. नासपतीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. एवढ्या उंचीवर आम्ही दोघीच. तेव्हा पटो न पटो, संसार तिच्यावाचून चालत नव्हता.

हे मला माहीत होते. तिला माहीत होते. मधमाशांना माहीत असण्याची गरज नव्हती. माणसांना मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

एका वसंतात रोमेड वारला. त्याच वर्षी शरद ऋतूत कासिआनच्या नासपतीची फळे नेहमीप्रमाणे उतारावरून घरंगळत नोटबुर्गाच्या दारात आली आणि ती त्यांच्यावरून घसरून पडली. या फळांवरून ती गेली कित्येक वर्षे कासिआनला बोलत होती. गांधीलमाश्या येतात, चिखल होतो, दारात घाण होते. रोमेड असेपर्यंत तो मध्ये पडून हसण्यावारी नेई. आता मध्ये पडायला कुणी नव्हते. सुजलेला घोटा बादलीत बुडवून ती खिडकीतूनच म्हणाली, "कासिआन, त्या झाडाचा तुला उपयोग काय आहे ते एकदा सांग. नसेल तर काप."

कासिआनने विचार केला. उपयोग त्याला सांगता आला नाही. त्याने झाड कापले.

मी ते सगळे पाहिले. ओरडता येते तर ओरडले असते. त्याने बुंध्यावर एक फुलझाडाची कुंडी ठेवली, आणि नोटबुर्गाने त्याला अर्धा त्सेल्टन पाठवला. दोघांनाही वाटले की एक जुने भांडण मिटले.

त्या डिसेंबरात विधी एकट्या नोटबुर्गाने केला. डाव्या बाजूला उभी राहून तिने कुऱ्हाड उगारली आणि मला दम दिला. मग कुऱ्हाड खाली ठेवून, माझ्यामागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि स्वतःच गयावया केली. कणकेच्या हातांमुळे कुऱ्हाडीचा दांडा बुळबुळीत झाला होता. माझ्यापेक्षा तिच्याच पायाला धोका जास्त होता. गल्लीतून जाणारी ओटिली थांबून बघत होती.

"फिर्यादीही तूच आणि वकीलही तूच," ती म्हणाली. "निकाल कसा लागणार?"

पुढच्या मे महिन्यात मी नेहमीसारखी बहरले. पांढरीशुभ्र. मधमाशा आल्या, माझाच पराग माझ्याच फुलांवर फिरवून निघून गेल्या. फळ एकही धरले नाही. त्याच्या पुढची दोन वर्षेही नाही.

मित्रांनो, दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की माणसे त्यांतली जी सांगायला रंगतदार असेल तिला कारण ठरवतात. माझ्या बाबतीत एक बातमी अशी होती की गल्लीपलीकडचे एक निरुपयोगी झाड गेले. दुसरी अशी की विधवेने एकटीने विधी उरकला. गावाने दुसरी निवडली. तोवर दुसरे उपायही चालू होते. कुणी सांगितले म्हणून माझ्या बुंध्यात गंजके खिळे ठोकण्यात आले. कुणी सांगितले म्हणून मुळांशी बिअर ओतण्यात आली. बिअरने मला काही अपाय झाला नाही, पण गोगलगायींचा मेळा मात्र भरला. एक मेलेली कोंबडी पुरण्यात आली आणि ती कोल्ह्याने उकरून नेली. मी काय करणार? माझ्याजवळ बोलायला फुले तेवढी होती. मी दर वर्षी आणखी जास्त फुले काढून सांगत होते की बाई, फुलांचे दुखणे नाही. तिला वाटे मी चेष्टा करते.

दोन नाताळ तिने दुकानातून आणलेल्या वाळक्या नासपतींवर काढले. दुसऱ्या वेळी ओटिलीने तिचा त्सेल्टन चाखला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "गोड आहे." दुसरा तुकडा घेतला नाही. ती गेल्यावर नोटबुर्गा खिडकीशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या नजरेत मला प्रथमच खरी कुऱ्हाड दिसली.

पुढच्या डिसेंबरात तिने ठरवले की विधी दोघांनी नीट करायचा, आणि कासिआनला बोलावले. त्याला स्वयंपाकघरात बसवून समजावले. कुऱ्हाड मी उगारणार, प्रश्न मी विचारणार, तू फक्त मध्ये पडायचे. कासिआनने मान डोलावली. ओटिली साक्षीला कुंपणापाशी उभी होतीच. तिला कुणी बोलावले नव्हते.

नोटबुर्गाने कुऱ्हाड उचलली. "काय गं, पुढच्या वर्षी देतेस की घालू घाव?"

कासिआनने माझ्याकडे नीट पाहिले. वाकून बुंधा पाहिला, खिळे पाहिले, एक फांदी बोटाने वाजवून पाहिली. मग तो म्हणाला, "घाल."

माझ्या अंगातला होता नव्हता तो रस थिजला.

"अरे, असं म्हणायचं नसतं," नोटबुर्गा म्हणाली.

"तू विचारलंस."

"मी झाडाला विचारलं, तुला नाही."

"झाड काय बोलणार? मागे तू म्हणालीस काप, मी कापलं. आज विचारतेस कापू का, मी म्हणतो काप. दोन्ही वेळा तुझ्याच बाजूनं बोललो, आणि तरी मीच वाईट."

ओटिली कुंपणावरून म्हणाली की आता शब्द तोंडातून गेला. संत थॉमसच्या दिवशी बोललेला शब्द परत गिळता येत नाही, तिच्या आजीच्या वेळी एकाने गिळला होता आणि त्याची गाय आटली. नोटबुर्गाचा चेहरा पांढरा पडला. हातावरची कणीक वाळू लागली होती. कुऱ्हाड तिच्या हातात तशीच वर होती, आणि ती खाली कुठे येणार हे त्या क्षणी तिलाही माहीत नसावे.

"एक नाही, दोन नाही, तीन वर्षं झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "फुलं दाखवते आणि देत काही नाही. रोज सकाळी खिडकी उघडली की हिचं तोंड बघायचं. कासिआन म्हणतो ते बरोबर आहे."

कासिआन ओशाळला. ओशाळला की तो टोपी काढून तिच्या आत बघतो. थोडा वेळ टोपीत बघून तो म्हणाला, "मी जामीन राहतो. येत्या शरदात एक तरी फळ दिलं नाही, तर मी स्वतः कापीन. माझी कुऱ्हाड तुझ्यापेक्षा चांगली आहे."

हे शेवटचे वाक्य त्याने धीर द्यायला म्हटले होते.

असा मला जामीन मिळाला. मिठी मात्र त्या वर्षी मिळाली नाही. चिमण्या येऊन, बघून, परत गेल्या.

कासिआनने जबाबदारी मनावर घेतली. बर्फ असतानाच तो माझ्या मुळांशी शेळ्यांच्या लेंड्यांचे खत टाकून गेला. खिळे एकेक करून पक्कडीने काढले, आणि त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. मग एकदा तो शेळीचे औषध आणायला खाली दरीत गेला, आणि परत आला तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मग वळून गल्लीपलीकडे, कुंडी ठेवलेल्या बुंध्याकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे. "तिथला रोपवाला विचारत होता," तो पुटपुटला, "दुसरी किती लांब आहे म्हणून." मग म्हणाला, "हं."

कासिआनचे 'हं' म्हणजे इतरांचे तासाभराचे व्याख्यान असते. मला वाटले, आता हा खिडकी ठोठावणार. पण त्याने हात उचलला, खाली केला आणि घरी गेला. नोटबुर्गाला सांगायचे म्हणजे काय सांगायचे होते? की तुझ्या झाडाला तूच वांझ केलेस? त्याने नाही सांगितले.

दरीत वसंत आमच्या आधी येतो. तिथल्या नासपती फुलून गळतात तेव्हा आमच्या कळ्या नुकत्या फुगत असतात. कासिआनने, हे मला मागाहून खिडकीतून कळले, तिथून दुसऱ्या जातीच्या, कळ्यांनी भरलेल्या फांद्या मागून आणल्या आणि कळ्या उमलू नयेत म्हणून आपल्या गार तळघरात, शेळीच्या चीजच्या शेजारी, पाण्यात उभ्या केल्या. मी कधी फुलते याची तो वाट बघत राहिला. रोज माझ्याखाली येऊन वर बघे. नोटबुर्गा खिडकीतून त्याला बघे आणि तो कुठे घाव घालायचा याचा अंदाज घेतो आहे असे समजून पडदा ओढून घेई.

शेवटी एका सकाळी माझी फुले उमलली. कासिआन शिडी घेऊन आला. त्याच्या दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या होत्या, आणि किटल्यांत पाण्याबरोबर दरीतल्या फुललेल्या फांद्या. तो वर चढून माझ्या फांद्यांना किटल्या बांधू लागला. एक सांगते, नासपतीच्या फुलांना मुळातच सुवास नसतो, थोडा मासळीकडे झुकणारा वास असतो. त्यात या फुलांनी कित्येक दिवस चीजच्या संगतीत काढले होते. पण मधमाशा असल्या बाबतीत चिकित्सा करत नाहीत.

खिडकी उघडली.

"कासिआन, माझ्या झाडावर काय करतोयस?"

"दूध तापवतोय."

"खाली उतर."

"झालं की उतरतो. शिडी हलतेय, धर जरा."

ती चपला घालून आली. आधी शिडी धरली आणि मग वर पाहिले. बराच वेळ पाहिले.

"ही फुलं कुणाची?"

"दरीतल्या एका नासपतीची."

"माझ्या झाडाला फुलं कमी आहेत?"

"फुलं पुष्कळ आहेत. सोबत नाही." त्याने गाठ मारली. "एकटीला फळ धरत नाही म्हणे. दुसऱ्या जातीची जवळपास लागते. बाकी मधमाशी बघते."

 शिडीवरचे नोटबुर्गाचे हात घट्ट झाले. माझ्या सालीला ते कळले, कारण शिडी माझ्यावरच टेकलेली होती. तिने मान वळवून गल्लीपलीकडे पाहिले.

"होती की जवळपास."

"हं."

"मी कापायला लावली."

"कुऱ्हाड माझ्या हातात होती."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"शेळीचं औषध आणलं तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस."

"बोललो असतो तर आज शिडी कुणी धरली असती?"

तिने शिडी सोडली नाही. तो उतरल्यावर ती म्हणाली, "चीजचा वास येतोय तुला," आणि त्याला न्याहारीला आत नेले.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड होऊन संपली असती तर मलाही आवडले असते. पण लगेच पावसाची झड लागली. थंडीत आणि पावसात मधमाशा बाहेर पडत नाहीत. किटल्यांतली फुले कोमेजत चालली. कासिआन दारात उभा राहून आभाळाला आणि ओटिलीच्या पोळ्यांना आळीपाळीने बघत होता. ऊन पडले ते एका दुपारपुरते. त्या दुपारी मधमाशांनी जे काही केले तेवढेच.

त्यानंतर जूनमध्ये, जशी सगळ्याच नासपतींची होते तशी, कोवळ्या फळांची गळ झाली. कासिआन रोज गळलेली उचलून बघे आणि टोपीत बघत घरी जाई. शेवटी उरली ती किटल्यांच्या बाजूच्या फांद्यांवरची ओंजळभर. नोटबुर्गाने पक्ष्यांपासून आणि गांधीलमाश्यांपासून वाचवायला प्रत्येक फळावर आपला एकेक जुना लांब मोजा चढवला. सगळा उन्हाळा मी ते मोजे घालून उभी होते. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी मला कधी पाहिले नव्हते. शेजारच्या गावातून माणसे येत. ओटिली म्हणाली, "सर्दी झाली असेल तिला," पण जाताना हळूच सांगून गेली की मधमाशा आपल्या होत्या, हे विसरू नये.

शरदात ती फळे उतरली. वाळून एका छोट्या त्सेल्टनपुरती झाली. संत थॉमसच्या दिवशी भट्टीतून तो निघण्याआधी नोटबुर्गा आणि कासिआन बाहेर आले. नोटबुर्गाच्या हातांना कोपरापर्यंत कणीक होती. ओटिली कुंपणापाशी होती.

"काय गं," नोटबुर्गाने कुऱ्हाड उगारली, "पुढच्या वर्षी देतेस की घालू घाव?"

कासिआनने हे वाक्य शेळ्यांसमोर म्हणून म्हणून पाठ केले होते. तो एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "थांब, सोड तिला. पुढच्या वर्षी देईल." मग त्याला राहवले नाही. "एकटीनं नाही," तो म्हणाला, "पण देईल."

ओटिली म्हणाली की विधीत एवढी वाक्ये नसतात. पण संध्याकाळी त्सेल्टनचा दुसरा तुकडा तिनेच उचलला.

नोटबुर्गाने मला मिठी मारली. मग कासिआनला म्हणाली की जामिनानेही मारायची असते. असा काही रिवाज नाही, मी इतकी वर्षे बघते आहे. त्याने खांब उचलायचा असल्यासारखी मला मिठी मारली आणि त्याच्या कोटाला जी कणीक लागली ती चिमण्या त्याच्या अंगणापर्यंत मागे जाऊन टोचत राहिल्या.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. एखादे झाड काही कामाचे नाही असे वाटले तर कापण्याआधी गल्ली ओलांडून पलीकडच्या झाडाकडे एकदा बघून या. उत्तर बहुतेक तिकडे लागलेले असते. आणि झाडाला खिळे ठोकू नका. बिअरही ओतू नका, गोगलगायी परत जाता जात नाहीत.

कासिआनच्या अंगणातल्या बुंध्याशेजारी आता मुळातून एक कोंब आला आहे. कुंडी बाजूला झाली आहे. त्याला फुले यायला अजून बरीच वर्षे लागतील, तोवर दर मे महिन्यात मी किटल्या बांधून घेते. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून त्याच्याभोवती जाळी कासिआनने लावली आहे, आणि पाणी नोटबुर्गा घालते. परवा पाणी घालताना त्या कोंबाचा काटा तिच्या हाताला चांगला ओरबाडून गेला. ती बोट तोंडात धरून म्हणाली, "अगदी आईवर गेलीस."

मला इतके बरे वाटले म्हणून सांगू. संध्याकाळी मी गल्लीपलीकडे पाहिले. सावली अजून माझ्यापर्यंत पोहोचत नाही, पण रोख माझ्याकडेच आहे.